ज्याने चोच दिली

आमच्या गावात कोंबडीला डॉक्टरकडे नेण्याची पद्धत नाही. गाय बसली तर घर उपाशी झोपतं. बैल लंगडला तर शेजारी चौकशीला येतात. कोंबडी लंगडली तर शेजारी जेवायला येतात. मलूल कोंबडीबद्दल घरात चर्चा होते ती एवढीच, की वाटण आत्ता लावायचं की संध्याकाळी. त्यामुळे चोच वाकडी असलेली, एक दाणा धड उचलता न येणारी गावठी कोंबडी आमच्या परसात मजेत जगते आहे, याकडे गाव दयेने पाहत नाही, संशयाने पाहतं. यांच्याकडे वड्यांचं पीठ संपलंय की काय, असा साधारण सूर असतो.

कोंबडीचं नाव धोंडाबाई. ज्या घरात मूल जगत नसे तिथे पुढच्या पोराचं नाव धोंडू, दगडू ठेवायची जुनी रीत. यमाने दारात येऊन नाव विचारावं आणि धोंडा कशाला न्यायचा म्हणून परत फिरावं, असा त्यामागचा डाव. आईने तोच डाव कोंबडीच्या बाबतीत टाकला. यम फसला. मुंगूसही आजवर फसलं आहे, पण त्याचं श्रेय नावाला नाही, खुराड्याच्या कडीला आहे.

खुडूक कोंबडीखालून पिल्लं बाहेर आली तेव्हा धोंडाबाई चारचौघींसारखी होती. हे व्यंग बहुतेक वेळा अंड्यातून निघताना दिसतच नाही. पिल्लू वाढीला लागलं, चोचीतलं हाड लांबायला लागलं, की वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे वाट धरतो, आणि आठवड्यागणिक दोघांमधलं अंतर वाढत जातं. धोंडाबाईची वरची चोच डावीकडे गेली, खालची उजवीकडे. समोरून पाहिलं तर उघडी कात्री. एका बाजूने पाहिलं तर मात्र ती फार विचारी दिसते. आमच्याकडे येणारे पाहुणे बहुधा चुकीच्या बाजूला बसतात.

कारणांची चौकशी गावाने आपल्या पद्धतीने केली. समोरच्या काकूंनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गो?" ग्रहणात गर्भारणीने विळी हातात धरली तर पोराचा ओठ फाटतो, याबद्दल आमच्याकडे कोणाच्या मनात शंका नाही. पण इथे गर्भार कोण? अंडं घालणारी एक, उबवणारी दुसरी, आणि दोघींपैकी एकीलाही विळीवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग तूच चिरलं असशील." म्हणजे अंडं कोंबडीचं, ग्रहण चंद्राचं आणि दोष आमच्या आईचा.

शास्त्र काकूंइतकं ठाम नाही. ते चार-पाच कारणं पुढे करतं. अनुवंश असू शकतो. उबवताना उष्णता कमी-जास्त झालेली असू शकते. अंड्यात पिल्लाचं डोकं अवघडलेलं असू शकतं. अंडं घालणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात फॉलिक आम्ल, बायोटिन असल्या जीवनसत्त्वांची वाण असू शकते, किंवा लहानपणी चोचीला मार बसलेला असू शकतो. समोर असलेल्या एका कोंबडीच्या बाबतीत यातलं नेमकं काय घडलं, ते सहसा सांगता येत नाही. काकूंचं निदान निदान एका वाक्यात संपतं.

शेजारच्या आप्पांनी कारणांत वेळ घालवला नाही. ते थेट तत्त्वज्ञानावर आले. "अरे, ज्याने चोच दिली तो चाराही देईल." आप्पांचं हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण कोणी उसने पैसे मागितले की ते हेच म्हणतात. पण चोच देणाऱ्याने चोच बसवताना घाई केली असेल, तर चारा कोणी द्यायचा, याचा खुलासा म्हणीत नाही. आमच्या घरात तो खुलासा आईकडे पाहून करण्यात आला.

मी मात्र तिला पिशवीत घातलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. रांगेत एक म्हैस होती, शेळ्या होत्या, एक रेडकू होतं. बाकावरच्या मंडळींनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हणालो, "चोच वाकडी आहे." सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी पिशवी उघडून दाखवली तेव्हा त्यांचा माझ्याबद्दलचा गैरसमज दूर झाला आणि दुसरा सुरू झाला.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी तिला हातात घेतलं, चोच उघडून पाहिली, नाकपुड्या पाहिल्या, मग छातीच्या उजव्या बाजूला बोटांनी चाचपलं. तिथे कोंबडीची अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं धान्य आधी त्या पिशवीत साठतं, आणि संध्याकाळी ती गच्च लागली की कोंबडी जेवली असं समजायचं. धोंडाबाईची पिशवी रिकामी होती. मला ते पटेना. ही तर दिवसभर सगळ्यांबरोबर अंगणात टिपत असते! डॉक्टर म्हणाले, "टिपत असेल. उचलत नाही."

घरी येऊन मी नीट बसून पाहिलं. खरंच. नेम अचूक, मान झटक्यात खाली, चोच बरोबर दाण्यावर, आणि मान वर येते तेव्हा दाणा जमिनीवरच. कोंबडी दाणा उचलते ती चोचीच्या दोन टोकांच्या चिमटीत. हिची टोकं एकमेकांना भेटतच नव्हती. जेवणाचा सगळा अभिनय चोख, पोटात काही नाही. गंमत म्हणजे एकदा का दाणा घशात गेला की पुढे हिची काही तक्रार नव्हती. कोंबडीला दात नसतात, चावण्याचं काम चोचीकडे मुळातच नाही. ते पोटातल्या जाड स्नायूच्या गिरणीत होतं, तिथे गिळलेले बारीक खडे दाण्यांचं पीठ पाडतात. म्हणजे गिरणी उत्तम चालू होती. फक्त दाणे तिथपर्यंत पोचत नव्हते.

डॉक्टरांनी जाताना एक वाक्य सांगितलं होतं. "चोच सरळ होणार नाही, हाडच तसं वाढलंय. पण चोच वाकडी म्हणून कोंबडी मरत नाही, उपाशी राहते म्हणून मरते. तुम्ही ताट बदला." कोल्ह्याने करकोच्याला पसरट ताटलीत खीर वाढली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती ऐकून आपण कोल्ह्याला लबाड म्हणतो, आणि घरी येऊन सगळ्या कोंबड्यांना अंगणात दाणे फेकतो.

मग भांड्यांचे प्रयोग सुरू झाले. जेवण ओलं हवं आणि भांडं खोल हवं, म्हणजे चिमटीत पकडायची गरज राहत नाही. वाकड्या चोचीने उपसून घेता येतं. भांडं तिच्या पाठीच्या उंचीला हवं, म्हणजे मान फार वाकवायला नको. स्टीलची वाटी दिली, ती तिने पहिल्याच घासाला उलटी केली आणि वर उभी राहिली. करवंटी दिली, ती डुलायला लागली, आणि धोंडाबाई घाबरून आंब्यावर गेली. डब्याचं झाकण, फुटका कप, गणपतीच्या मखरातलं काहीतरी, असं करत करत आईची नजर आजीच्या दगडी खलावर गेली. खल जड, खोल, आतून गुळगुळीत, आणि हलवायला माणूस लागतो. विटेवर ठेवला तेव्हा उंचीही जमली. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. वाकड्या चोचीने खलातलं भरडं मात्र झकास निघालं. बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की आता आलं-लसूण कशात कुटायचं ते धोंडाबाईंनीच सांगावं. मिक्सर हा शोध आमच्या घरात असा कोंबडीमुळे रुळला.

जेवणाचा दाटपणा हे स्वतंत्र प्रकरण आहे. पोल्ट्रीवाले अंडी देणाऱ्या कोंबड्यांना जी लेयर मॅश घालतात, ती पाण्यात भिजवायची, हा पाया. पण पातळ झाली तर चोचीच्या फटीतून गळून जाते, घट्ट झाली तर टाळूला चिकटते आणि कोंबडी मान झटकून समोरच्याच्या कपड्यांवर नक्षी काढते. आईने त्यात कण्यांची पेज घालून मधला मार्ग काढला. मला ताप आला असताना माझ्या पेजेत मीठ आहे की नाही, हे तिने चाखून पाहिलेलं मला आठवत नाही. धोंडाबाईच्या पेजेत बोट बुडवून ती रोज पाहते. शिवाय कोकणातल्या हवेत भिजवलेलं खाणं दुपारपर्यंत आंबतं, म्हणून ताजं, थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा. उरलेलं काढायचं, खल धुवायचा. पाणीही खोल भांड्यात, कारण कोंबडीला पाणी ओढून घेता येत नाही; ती चोचीत भरते आणि मान वर करून घशात सोडते. जेवण झाल्यावर तोंड पुसायचं, नाहीतर पीठ वाळून नाकपुड्या बुजतात. आई पदराने पुसते. नातवंडांना हा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आणि जेवताना राखण करायची. कोंबड्यांमध्ये पहिली कोण, दुसरी कोण, शेवटची कोण, हे ठरलेलं असतं आणि कोणी कोणाला टोचायचं तेही. नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डरूप-एबे यांनी १९२१ मध्ये हे शास्त्रीय पद्धतीने मांडलं. लहानपणापासून ते कोंबड्यांकडे टक लावून बसत आणि वह्या भरत. आमच्या आईनेही आयुष्यभर कोंबड्यांकडे पाहिलं, पण तिला वही मिळाली नाही. या उतरंडीत धोंडाबाईचा नंबर अर्थातच शेवटचा. खल दिसला की वरच्या सगळ्या धावत येत आणि हिला ढकलून आजारपणाचं पथ्य खात. म्हणून तिला खलासकट डालग्याखाली झाकावं लागतं. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण कोंबडी झाकली तर तिचं जेवण वाचतं. आत धोंडाबाई शांतपणे जेवते आणि बाहेर सगळा कळप बांबूच्या भोकांतून आत बघत उभा राहतो. तालुक्याच्या कचेरीतल्या केबिनबाहेर मी असाच उभा राहिलो आहे.

आता चोच कापण्याचं सांगतो. चोच म्हणजे आत हाड आणि वर नखासारख्याच पदार्थाचं आवरण. हे आवरण जन्मभर वाढत राहतं. धड कोंबडी जमिनीवर टोचून आणि दगडावर चोच घासून ते झिजवते, आणि वरची-खालची टोकंही एकमेकांना लागून बेताची राहतात. हिची टोकं कशालाच लागत नाहीत, त्यामुळे ती मोकळी वाढत सुटतात. ती अधूनमधून कापावी लागतात, तीही माणसांच्या नेलकटरने. आमच्या घरात नेलकटर एकच. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

कोंबडीला पंचात घट्ट गुंडाळायचं, डोळ्यांवर पंचाचं टोक घ्यायचं. अंधार झाला की ती शांत होते. मागून बॅटरी धरली की चोचीत रक्ताचा भाग कुठपर्यंत आला आहे ते दिसतं. त्याच्या अलीकडचं टोक थोडंसं उडवायचं आणि बाकी कानसून घ्यायचं. एकदम जास्त कापलं तर रक्त येतं आणि कोंबडीला दुखतं, कारण चोच म्हणजे नुसतं नख नव्हे, आत नसा आहेत. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरायचं. हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ते वार शोधणं. शनिवारी नखं कापायची नाहीत, दिवेलागणीनंतर तर मुळीच नाहीत, अमावास्या टाळायची, आणि मंगळवार हा देवीचा वार. उरलेल्या दिवसांत मी कामावर असतो. मी आईला म्हणालो, "अगं, हे नियम माणसांच्या नखांना आहेत." आई म्हणाली, "नेलकटर माणसांचाच आहे ना?" याला उत्तर नाही.

चोचीचा आणखी एक उपयोग आपल्या लक्षात येत नाही, तो म्हणजे फणी. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथे चोच लावून कोंबडी पिसांना तेल लावते, पिसं विंचरते, उवा वेचते. धोंडाबाईला हे जमत नाही. त्यामुळे चुलीची राख मातीत मिसळून तिला लोळायला खड्डा करून दिला आहे, आणि दुपारी आई तिला मांडीवर घेऊन पंखाखाली, शेपटीखाली पिसं उलटी करून बघत बसते. आत्यांच्या डोक्यातल्या उवा याच ओट्यावर याच पद्धतीने निघाल्या आहेत. आत्या हल्ली ओट्यावर बसत नाहीत.

मधल्या काळात मी यावर बरंच वाचलं आणि जग आपल्यापेक्षा पुढे आहे हे कळलं. अलास्कात एका गरुडमादीची वरची चोच २००५ मध्ये कोणीतरी गोळी घालून उडवली होती. तिला २००८ मध्ये आयडाहो राज्यात थ्रीडी प्रिंटरवर घडवलेली कृत्रिम चोच बसवली. कोस्टारिकात पोरांनी मारून वरची चोच तोडलेल्या टूकन पक्ष्यालाही २०१६ मध्ये तशीच चोच मिळाली. या सगळ्यांवर ताण म्हणजे कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावचा माइक. सप्टेंबर १९४५ मध्ये मालकाने जेवणासाठी त्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली, ती जरा वर बसली, मेंदूचा थोडा भाग मागे राहिला, आणि कोंबडा डोक्याशिवाय चालायला लागला. ड्रॉपरने थेट अन्ननलिकेत दूध-पाणी सोडून मालकाने त्याला दीड वर्ष जगवलं आणि तिकीट लावून गावोगाव दाखवलं. मी हे आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: तिकीट किती होतं, आणि वाकड्या चोचीला किती लावता येईल.

पण मला खरा धक्का दिला तो हिमालयातल्या एका पक्ष्याने. क्रॉसबिल त्याचं नाव. त्याची चोच जातीनेच वाकडी. वरचं टोक एकीकडे, खालचं दुसरीकडे. काहींची डावीकडे, काहींची उजवीकडे. पिल्लं निघतात ती सरळ चोचीची, आणि मोठी होता होता चोच वाकडी होते. अगदी धोंडाबाईची कुंडली. हे वाकडं टोक तो देवदार-पाइनसारख्या झाडांच्या फळांच्या खवल्यांत घालतो, खवला उचकटतो आणि आतली बी जिभेने काढून घेतो. तिथे चोच सरळच राहिली तर पंचाईत. म्हणजे धोंडाबाईत दोष असा काही नव्हता. ती फक्त हिमालयाऐवजी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मली होती. इथे पाइन नाही. खल आहे.

आतेभाऊ घाटावर अंड्यांची पोल्ट्री चालवतो. मे महिन्यात तो आला आणि ही सेवा पाहून हसून लोळला. मग त्याच्याकडूनच कळलं, की त्याच्या व्यवसायात पिल्लं लहान असतानाच तापलेल्या पात्याने चोचीचं टोक उडवतात. दाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचून जखमी करतात, म्हणून. टोचणं थांबवण्याचे दोन मार्ग: दाटी कमी करायची किंवा चोच कमी करायची. चोच स्वस्त पडते. म्हणजे जिची चोच आपसूक वाकडी झाली तिला आम्ही दवाखान्यात नेतो, आणि लाखो सरळ चोची कापून टाकतो आणि त्यांची अंडी ट्रेने आणतो. हे मी आतेभावाला म्हणालो. तो म्हणाला, "जेवायला काय आहे?" जेवायला चिकन होतं. ते धोंडाबाईच्या ओळखीचं नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

आता ती निर्धास्त आहे. अंगावर मांस बेताचं, म्हणून दुकानदाराला नको. व्यंग आहे, म्हणून राखणीच्या मानाला चालत नाही. देवाला अव्यंग लागतं, आणि कोंबडा लागतो. सरळ चोचीच्या तिच्या सगळ्या बहिणी एकेका सणाला गेल्या. ती खलाशी उभी आहे.

आप्पा अजूनही हिशेब विचारतात. भरड्याचा खर्च, आईचा वेळ, आणि येतं काय? येतात अंडी. इतरांपेक्षा कमी, पण येतात, आणि फोडल्यावर कुठलं कोणाचं ते आप्पांनाही ओळखता आलेलं नाही. फक्त ती आम्ही उबवायला ठेवत नाही, कारण हे व्यंग पुढच्या पिढीत उतरू शकतं, आणि खल एकच आहे. तेव्हा खुडूक कोंबडीखाली घालायला धोंडाबाईची अंडी कृपा करून मागू नका. खायला हवी असतील तर खुशाल या, आणि येताना एक नेलकटर आणा.